बशीत परत ठेवलेला ताडगूळ

नवरा गेल्यावर महिन्याभरात मी त्याच्या कोटांचे खिसे तपासायला लागले. मला चॉकलेटचा एखादा कागद हवा होता. बिस्किटाचा चुरा चालला असता, मिठाईच्या दुकानाची पावती चालली असती. गाडीच्या सीटखाली हात घालून पाहिला, लॅपटॉपच्या बॅगेचे सगळे कप्पे उलटे केले, गॅरेजमधल्या रंगाच्या डब्यांमागेही शोधलं. हाती लागल्या त्या पार्किंगच्या पावत्या, एक तुटकं बटण आणि छोट्या डबीत मीच भरून दिलेले बदाम. मोजून आठ द्यायचे, पाच उरले होते.

मी डाएटिशियन आहे. लंडनबाहेर वॉटफर्डजवळच्या एका हॉस्पिटलात डायबेटिसच्या पेशंटना काय खाऊ नका ते सांगण्याचा पगार घेते. इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे, ती म्हणजे सगळे चोरून खातात. "ओन्ली वन बिस्किट, लव्ह," म्हणणाऱ्या आजीबाईंच्या पर्समध्ये अख्खा पुडा असतो. माझ्याकडे येणारे गुजराती काका शपथेवर सांगतात की जिलबी सोडली, आणि रक्ताचा रिपोर्ट त्यांची चुगली करतो. मला त्यांचा कधी राग येत नाही. उलट मनातून मी त्यांच्या बाजूची असते, कारण माणसानं आयुष्यभर नुसतं मेथीचं पाणी पीत बसावं असं मलाही वाटत नाही.

ही समजूत मी रोज हॉस्पिटलातच ठेवून घरी यायचे.

बारा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या डायबेटिसचा रिपोर्ट हातात आला. माझे वडील साखरेनंच गेले. आधी एक पाय गेला, मग नजर, मग ते. म्हणून त्याच दिवशी आमच्या घरातली साखर संपली. पुरणपोळी बंद, श्रीखंड बंद, दिवाळीला फक्त चिवडा, तोही ओव्हनमधला. हॅरोच्या मराठी मंडळात गणपतीचे मोदक वाटले जायचे तेव्हा मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला असले तरी माझी नजर त्याच्या हातावर. मंडळी चिडवायची, "वहिनी, आधी सीबीआयमध्ये होतात का?" तो सगळ्यांबरोबर हसायचा आणि मोदक शेजारच्याच्या द्रोणात ठेवायचा. मला वाटायचं, याला जमतंय. त्याला काय वाटत असेल हे मी विचारलं नाही.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही व्हिएतनामला गेलो. जागा त्यानं निवडली, टूरही त्यानंच शोधली. ती खाण्याची टूर होती. गावोगावी जायचं, कुणाच्या तरी घरी स्वयंपाक पाहायचा आणि तिथेच जेवायचं. मी कुरकुरले, पण मासे आणि पालेभाजी भरपूर मिळेल असं त्यानं मला पटवलं. देशाच्या दक्षिणेला, एका रुंद नदीच्या काठी चाम लोकांचं गाव आहे. हे तिथले मुसलमान. खांबांवर उभी लाकडी घरं, मधे मशीद, अंगणात वाळत घातलेले मासे. आमची गाइड त्याच गावातली, तिशीची, इंग्रजी बोलणारी. ती आम्हाला साठी उलटलेल्या एका बाईंच्या घरी घेऊन गेली. त्यांना ती तिच्या भाषेत मावशी म्हणायची, म्हणून आम्हीही मावशीच म्हणायला लागलो.

अंगणात मोठ्या कढईत ताडाचा रस आटत होता. मावशींचे यजमान लाकडी उलथन्यानं तो सारखा ढवळत होते. झाडावरून पहाटे उतरवलेला रस लगेच आटवावा लागतो, उशीर झाला की आंबतो, असं गाइडनं सांगितलं. नवरा कढईवर वाकला आणि एकदम ओरडला, "अगं, ही तर नीरा! पुण्याला कॉलेजबाहेर प्यायचो ती!" वाफेनं त्याचा चष्मा धुरकटला होता. तो काढून हातात धरून तो तसाच उभा राहिला, डोळे मिटून वास घेत. चोपन्न वर्षांचा माणूस. इतका खूश झालेला मी त्याला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

मावशींनी दाट झालेला पाक ताडाच्या पानाच्या गोल कड्यांत ओतला. तो थिजल्यावर आम्हाला वर घरात नेलं, चटईवर बसवलं, आणि चहाबरोबर प्रत्येकासमोर एकेका बशीत नव्या ताडगुळाचा तुकडा ठेवला. त्यांच्या घरी पाहुण्याला आधी गोड देतात, बाकीचं जेवण नंतर, असं गाइड म्हणाली. नवऱ्यानं तुकडा उचलला.

"ठेव ते," मी मराठीत म्हणाले. चेहऱ्यावर हसू ठेवूनच, म्हणजे कुणाला कळू नये.

"एवढंसंच," तो म्हणाला.

मी त्याचं मनगट धरलं. "एवढंसं एवढंसं करतच माझ्या वडलांचा पाय गेला."

त्यानं तुकडा बशीत परत ठेवला. मावशींचा चेहरा उतरला. त्यांनी गाइडला काहीतरी विचारलं आणि तिनं अवघडून मला विचारलं, "गुळात काही खराब आहे का, असं मावशी विचारतायत." इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी सुरू झाले. ताडगूळ नैसर्गिक असला तरी साखर ती साखरच, रक्तात ती किती वेगानं चढते, वगैरे. ज्या बाईनं जन्मभर हा गूळ केला, तिच्या चटईवर बसून मी तिला हे ऐकवलं, आणि बिचारी गाइड एकेक वाक्य तिला तिच्या भाषेत सांगत राहिली. मावशींनी बशी उचलली. थोड्या वेळानं त्याच्यापुढे एक केळं आणून ठेवलं. मी म्हणाले, "अर्धंच."

आज हे लिहितानाही मला माझीच लाज वाटते.

त्याच ताडगुळाचे, तांदळाच्या पिठाचे पिवळेधमक वाफवलेले केक त्या घरची खासियत होती. टूरमधल्या बाकी लोकांनी ते ओट्यावर बसून खाल्ले. आमच्यासमोर ते कुणी आणलेच नाहीत. आम्ही दोघं मासे-भात जेवलो.

होडीतून परतताना तो एवढंच म्हणाला, "ती बाई तुझी पेशंट नव्हती." मला ते झोंबलं. मी अबोला धरला. अबोला धरण्यात माझा हात कुणी धरणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी "नदीचे फोटो काढून येतो" म्हणून तो खोलीबाहेर पडला तेव्हा मी मानही वळवली नाही. तो दिवस तसाच गेला आणि त्याच्या पुढचाही. नंतर विमानतळावर बॅगेचं वजन करताना आपोआप बोलणं सुरू झालं, जसं नेहमी व्हायचं.

चार महिन्यांनी, जूनमधल्या एका रविवारी सकाळी तो दाढी करताना कोसळला. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. हॉस्पिटलातला डॉक्टर अगदी तरुण होता, आणि मला धीर द्यायची त्याची फार इच्छा होती. त्यानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाला, "हिज डायबेटिस वॉज ब्युटिफुली कंट्रोल्ड." याचा साखरेशी काही संबंध नाही, तुम्ही दोघांनी खूप छान काळजी घेतलीत, असंही म्हणाला. मी त्याला थँक्यू म्हटलं. मग पार्किंगमध्ये गाडीत बसून किती वेळ ओरडत होते कुणास ठाऊक. अकरा वर्षं मी त्याच्या तोंडचा घास काढून घेतला, आणि मृत्यू भलत्याच दारानं आला.

म्हणून ते कोटांचे खिसे. माझी एकच मागणी होती. त्यानं मला फसवलेलं असू दे. माझ्या सगळ्या पेशंटसारखा तोही चोरून खात असू दे. अंत्यसंस्काराला आलेल्या त्याच्या ऑफिसातल्या माणसाला मी विचारलं, तर तो कौतुकानं म्हणाला की वाढदिवसाचा केक तुमचा नवरा दरवेळी दुसऱ्यांना देऊन टाकायचा. मुलगी ब्रिस्टलला विमानांच्या कंपनीत इंजिनियर आहे, तो महिन्यातून एकदा तिच्याकडे जायचा. तिला विचारलं. ती इथेच वाढलेली, तिचं मराठी तिच्या पद्धतीचं. म्हणाली, "नाही आई, बाबा माझ्याकडे पण काही गोड नाही खायचा. मी म्हटला, कम ऑन बाबा, आईला नाही कळणार. ही जस्ट स्माइल्ड." मग माझा चेहरा बघून घाबरली. "आई, इट्स अ गुड थिंग ना?"

यंदा जूनमध्ये त्याचं वर्षश्राद्ध आलं. आदल्या आठवड्यात पुण्याहून माझ्या नणंदेचा फोन आला. "सगळं साग्रसंगीत नाही जमलं तरी चालेल गं. पण त्याच्या आवडीचं एक गोड कर, पानात वाढायला."

"काय करू, ताई? तुम्हीच सांगा."

"अगं, मला काय विचारतेस? लहानपणी श्रीखंड आवडायचं. आताचं तुलाच माहीत."

मला माहीत नव्हतं. ज्याच्या ताटात मी अकरा वर्षं गोड पडू दिलं नाही, त्याला गोडातलं काय आवडतं हे मला कसं माहीत असणार? खूप आठवून पाहिलं तर कढईवर वाकून डोळे मिटून उभा असलेला तोच दिसत राहिला. मग ठरवलं, तो पिवळा केक करायचा. मी काढून घेतला तो घास निदान पानात तरी वाढायचा.

हॅरोच्या दुकानात ताडगूळ मिळाला. तांदळाचं पीठ भिजवलं, नारळाचं दूध घातलं, इनो टाकून वाफवलं. केक साबणाच्या वडीसारखा झाला. दुसऱ्या दिवशी यीस्ट घालून केला, तोही बसला. मुलगी ब्रिस्टलहून आली होती, ती म्हणाली, "आई, त्या गाइडला विचार ना. तुझ्या फोनमध्ये ग्रुप असेल." होता. टूरचा ग्रुप, त्याच्या फोटोंसकट. मी गाइडला लिहिलं की मावशींचा केक करतेय, फुगत नाही, काय चुकतंय?

तासाभरात उत्तर आलं. पीठ आंबवलेल्या रसात रात्रभर ठेवावं लागतं, तुमच्याकडे रस नसेल तर शिळा भात वाटून घाला. आणि खाली तिनं लिहिलं होतं, "तुमच्या मिस्टरांना विचारा की! दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत मावशींकडे आले होते, तेव्हा आंबवलेलं पीठ पाहिलं होतं त्यांनी."

मी तो मेसेज पुन्हा वाचला. नदीचे फोटो नव्हतेच ते! तो परत गेला होता, माझ्या पाठीमागे, चोरून. माझा जीव भांड्यात पडला. खरंच सांगते, मला इतका आनंद झाला की मी मुलीला घट्ट मिठी मारली. मग गाइडला लिहिलं की तो आता नाही. आणि लगेच, धीर न धरवून, विचारलं, "त्यांनी तिथे ताडगूळ खाल्ला ना? केक खाल्ला ना? खरं सांगा, मी रागावणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, श्राद्धाचा स्वयंपाक चालू असताना, तिचा व्हॉइस मेसेज आला. ती म्हणाली, आधी मावशींना ही बातमी सांगायला गेले होते, त्या रडल्या. मग सावकाश इंग्रजीत सांगायला लागली.

"ते मावशींची माफी मागायला आले होते. मीच दोघांचं बोलणं एकमेकांना सांगत होते, म्हणून मला नीट आठवतंय. म्हणाले, काल माझ्या बायकोनं माझा हात धरला त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिचे वडील या आजारात गेलेत. ती कडक वाटते, पण ती घाबरलेली आहे. मावशी म्हणाल्या, बरं, मग आता खा, आता ती इथे नाहीये. त्यांच्यासमोर गूळ ठेवला, गरम केक ठेवला. त्यांनी नाही खाल्लं. मावशींनी खूप आग्रह केला. तर म्हणाले, संध्याकाळी ती मला विचारते, आज काय काय खाल्लंस, आणि तिच्याशी मला खोटं बोलता येत नाही."

मुलगी गॅस बारीक करून माझ्याकडे बघत होती. "काय झालं, आई? खाल्ला का बाबा?"

मी नकारार्थी मान हलवली. त्या संध्याकाळी माझा अबोला होता. मी त्याला काहीच विचारलं नव्हतं.