आठ खिळे आणि तिसरी घंटा

पडदा वर जातो तेव्हा समोर काचेचा व्हरांडा. डावीकडे लांब टेबल, त्यावर झाकलेली किटली आणि कापून ठेवलेला केक. उजवीकडे भिंतीवर आठ खिळे, खिळ्यांना आठ लाकडी शिट्ट्या. मधोमध तुळईला टांगलेली पितळी घंटा. आणि मागे, जिथे नाटकवाले रंगवलेला पडदा सोडतात, तिथे खरंखुरं रान. इतकं मोठं, की त्याची पलीकडची कड कुणी पाहिलेली नाही. आणि इतकं गप्प, की पहिल्या दिवशी पाहुण्यांना आपल्याच कानात बिघाड झालाय असं वाटावं.

घंटेच्या दोरीशी पांढरा सदरा घालून उभे असत ते घंटाकाका. त्यांचं खरं नाव विचारायची गरज कुणाला पडली नाही.

काकांनी सव्वीस वर्षं एका नाटक कंपनीत घंटा दिली होती. पहिली झाली की प्रेक्षक चहा टाकून उठायचे, दुसरीला नट आरशासमोरून उठायचे, आणि तिसरी म्हणजे पडदा. सूर्य उशिरा उगवेल, पण ह्यांची तिसरी नाही, असं कंपनीतले म्हणत. त्याच वक्तशीरपणानं एकदा घात केला. नायिका अजून वर रंगपटात होती. काकांना ते ठाऊक होतं. पण घड्याळाचा काटा जागेवर आला आणि त्यांनी तिसरी दिली. ती पायघोळ पोशाख सावरत धावली आणि जिन्यावरून कोसळली. पुन्हा कधी रंगमंचावर उभी राहू शकली नाही. तिनं काकांना एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तो न दिलेला दोषच त्यांना जन्मभर पुरला.

ते थोरल्या भावाकडे आले. भाऊ सुतार, वहिनी सुगरण, आणि दोघांनी मिळून रानाच्या कडेला हे पाहुण्यांचं घर चालवलेलं. गादीत माणूस बुडायचा, नळाला कढत पाणी यायचं, आणि निम्मे पाहुणे रानाचं नाव पुढे करून वहिनींच्या हातचं जेवायलाच यायचे. दिवसभर झाडांवरच्या पांढऱ्या खुणा बघत हिंडायचं, संध्याकाळी मऊ पांघरुणात शिरायचं.

घंटा टांगायची कल्पना काकांची. तीनला पहिली: मागे वळा. चारला दुसरी: कडेला या. तिसरीला मात्र घड्याळ नव्हतं. "सगळे आत आल्याशिवाय तिसरी नाही," ही त्यांची पहिल्या दिवसाची अट. भावानं आठ खोल्यांच्या आठ शिट्ट्या कोरल्या: रानात घंटेला उत्तर द्यायला, परतल्यावर खिळ्याला अडकवायला. नववी स्वतःसाठी, तिला चीर गेली होती. आवाज सरळ निघायचा आणि शेवटी उचकी लागायची. भाऊ रानातून सगळ्यांच्या मागे यायचा, फाटक लावायचा, मग तिसरी व्हायची.

तीन वर्षांपूर्वी भाऊ तापानं गेला, आपल्याच खाटेवर. सदऱ्याच्या खिशातली शिट्टी त्याच्याबरोबरच गेली. त्यानंतर पाहुण्यांच्या मागे चालणारं कुणी उरलं नाही. खिळे भरले की माणसं आली, असा हिशेब झाला.

त्या दिवशी दातांचे डॉक्टर सर्वांत शेवटी आले. शिट्टी अडकवत म्हणाले, "काका, तुमच्या रानात एक पाखरू नाही हो!"

"आहेत की. तुम्ही बोलायचं थांबलात की बोलतात."

आठही खिळे भरलेले. काकांनी तिसरी दिली. वहिनींनी चहा ओतला.

"भाऊजी, एक कप उरला."

"पाणी जास्त पडलं असेल."

"कप उरलाय म्हणतेय मी, चहा नाही."

पाच नंबरच्या मास्तरीणबाईंची खुर्ची रिकामी होती.

"अहो, त्या तर सकाळी शिट्टी परत अडकवून गेल्या," डॉक्टर म्हणाले. "म्हणाल्या, जन्मभर शाळेत शिट्टी वाजवली, आता पुरे."

काका खिळ्यांकडे वळले. त्यांनी शिट्ट्या मोजल्या होत्या, माणसं नाही. बाहेर झाडांच्या बुंध्यांमधली फट काळवंडत होती. आत कुठेतरी एका बाईनं तिसरी ऐकली होती. सगळे आले, दार लागलं, असं सांगणारी तिसरी. डॉक्टर टॉर्च घेऊन उठले, तर वहिनी म्हणाल्या, "बसा खाली. एकीला शोधायला दुसरा हरवायचा नाहीये."

पडदा उघडल्यावर घंटा पुन्हा देत नाहीत. काकांनी आयुष्यात दिली नव्हती. त्यांनी दोरी धरली आणि पहिली दिली.

काही नाही. पुन्हा दिली. रानानं तो आवाज गिळला आणि तोंड मिटून घेतलं.

मग शिट्टी आली. लांबून, सरळ. आणि शेवटी उचकी.

"आहेत, आहेत!" आनंदाच्या भरात डॉक्टरांनी टाळीच वाजवली.

वहिनींच्या हातून कप सुटला. फुटला, तरी त्या दीर-भावजयींनी खाली पाहिलं नाही. दोघं खिळ्यांकडे बघत होते. आठ शिट्ट्या, आपापल्या जागी, जराही न हलता.

"वहिनी..."

"काही बोलू नका. घंटा द्या."

ते देत राहिले. दर घंटेला उत्तर येत होतं, दर वेळी थोडं जवळून. दुसरी दिली तेव्हा शेवटच्या झाडांमधून बाईंची फिकट शाल दिसली.

बाई आल्या त्या गुडघ्यापर्यंत चिखलात आणि नाकाच्या शेंड्यापर्यंत रागात. "तिसरी कशी दिलीत हो? मी मटकन खालीच बसले. म्हटलं, आपल्याला हजेरीत धरलंच नाही! घंटा तर चहूकडून ऐकू येते, जायचं कुठे? बरं तर बरं, तुमचा माणूस होता."

"कोणता माणूस?" डॉक्टरांनी विचारलं.

"शिट्टीवाला. दिसला नाही एकदाही. वीस-पंचवीस पावलं पुढे वाजायची. मी थांबले की थांबायची. शेवटच्या झाडापाशी म्हटलं, चला आता बरोबरच. तर गप्प! मला आधी जाऊ देत असेल. बोलवा त्याला आत, गारठला असेल बिचारा."

वहिनींनी बाईंना कढत पाण्याकडे पाठवलं. मग रोजच्या सवयीनं त्या दाराशी गेल्या. कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि तिसरीसाठी दिराकडे पाहिलं.

काचेपलीकडे झाडांची कड आता जेमतेम दिसत होती. तिथे काही हलत नव्हतं. काकांनी दोरी सोडली. रंगमंचामागे बोलावं तशा दबक्या आवाजात ते म्हणाले,

"वहिनी, दार राहू द्या. तिसरी इतक्यात नाही. एक जण अजून विंगेत उभा आहे."