रंध्यावरचा अंगठा

बापूंकडे मी पहिल्यांदा गेले ती पाना मागायला, आणि परत आले ती एकाच पायात चप्पल घालून.

कर्जतला बदली होऊन मी नुकतीच राहायला आले होते. स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि ‘आलोच’ म्हणून गेलेला प्लंबर उगवायचं नाव घेत नव्हता. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारे गृहस्थ सकाळपासून जुनी हत्यारं घासत बसलेले दिसायचे. त्यांच्याकडे गेले. त्यांनी भिंतीवरचा पाना काढला, फडक्यानं पुसला, माझ्यापुढे धरला आणि मी हात पुढे करताच मागे घेतला.

“काय ठेवून जाताय?”

“ठेवून म्हणजे?”

“घड्याळ ठेवा, चष्मा ठेवा, चप्पल ठेवा. मानूस पाना इसरतो, मॅडम. अनवानी पाय इसरत न्हाई.”

घड्याळ घरी होतं आणि चष्म्याशिवाय मला नळच दिसला नसता. राहिली चप्पल. दिवसभर वर्गात गणित शिकवून डोकं आधीच उठलेलं, त्यात हा विक्षिप्त म्हातारा. लंगडत घरी आले, नळ घट्ट केला आणि तणतणत पाना परत द्यायला गेले. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, जबड्यात अडकलेला मळ नखानं काढला आणि माझी चप्पल फळीवरून उतरवून दिली. तीसुद्धा पुसून ठेवली होती. मग मात्र मला हसू आलं.

ही सवय कारखान्यातली. बापूंची सारी नोकरी साखर कारखान्याच्या टूल रूममध्ये गेली. फिटरनं खिडकीत आपला पितळी बिल्ला ठेवायचा आणि हत्यार न्यायचं. काम झालं की हत्यार द्यायचं आणि बिल्ला न्यायचा. मधल्या काळात हत्याराचा टवका उडाला, दांड्यावर घाव पडला, तर बापू आतूनच गरजायचे, “दिलं तसं परत!” आपल्या खिडकीतून गेलेलं हत्यार कधी हरवलं नाही की बदललं नाही, हा त्यांचा एकुलता एक अभिमान. गंमत अशी, की बापूंनी स्वतः कधी काही जोडलं नाही की तासलं नाही. आयुष्यभर हत्यारं दिली आणि घेतली, बस्स.

कारखाना बंद पडला तेव्हा टूल रूम भंगारात गेली. त्या टेम्पोच्या मागोमाग बापू भंगारवाल्याच्या दुकानात पोचले आणि आपल्या ओळखीचे काही पाने परत घेऊन आले. तिथून हा नाद लागला. भंगाराची दुकानं, आठवड्याचे बाजार, बंद पडलेल्या गिरण्या, जिथं म्हणून गंजलेलं लोखंड पडलेलं असेल तिथं बापू पिशवी घेऊन हजर. करवती, पटाश्या, गिरमिटं, लोहाराच्या सांडशा, आणि हत्यारांच्या पेट्या तर किती! सागवानी, पत्र्याच्या, कुणाच्या झाकणावर आतून देवाचं चित्र चिकटवलेलं. आणलेलं हत्यार आधी डिझेलमध्ये भिजायचं, मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर आणि शेवटी जवसाच्या तेलाचा हात.

शाळा सुटली की मी चहा घेऊन तिथं जाऊन बसायची. दोघंही दमलेले असायचो, त्यामुळे बोलणं बेताचंच.

“बापू, कंटाळा येत नाही का हो?” मी एकदा विचारलं.

“येतो की. गंज रोज चढतो, आपुन रोज पुसायचा. मंडळी गेल्यापासनं घरात नुसता कंटाळाच हुता. म्हनलं, बसून ऱ्हातो त्यापरीस त्याला बी कामाला लावू.”

मुलगा पुण्याकडे नोकरीला. तो फोनवर सांगायचा, भंगार काढून टाका आणि इकडे या. शिर्डीचा एक हॉटेलवालाही येऊन गेला. त्याला ही हत्यारं काळं पॉलिश मारून हॉटेलच्या भिंतीवर ठोकायची होती. बापूंनी त्याला चहा पाजला, सगळी शेड हिंडवून दाखवली आणि शेवटी म्हणाले, “हातोड्यानं खिळा ठोकत्यात, सायेब. तुमी हातोडाच ठोकून ठेवनार. न्हाई जमायचं.”

अशाच एका बाजाराच्या दिवशी पार्वताबाई आल्या. जवळच्या खेड्यातल्या. नवरा सुतार होता, तो वर्षापूर्वी वारलेला. मुली सासरी, घरात त्या एकट्या. डोक्यावर नवऱ्याची हत्यारांची पेटी घेऊन आल्या होत्या.

“पावसाळ्यात घर गळालं, बापू. समदी हत्यारं गंजली. खंडेनवमीला पुजायची हायेत. तेवढी चकचकीत करून द्या.”

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यार उचलायचं नसतं. धुऊन-पुसून, हळदकुंकू लावून पाटावर मांडायचं. ज्याच्या घरात जे हत्यार चालतं त्याची पूजा. पार्वताबाईंच्या घरात आता कुठलंच हत्यार चालत नव्हतं, पण पूजा चुकवायची नव्हती.

बापूंनी त्या पेटीत जीव ओतला. सगळ्यात जास्त मेहनत घेतली ती रंध्यावर. लाकूड तासायचा जुना लाकडी रंधा, काळाकुट्ट झालेला, आणि त्याच्या मुठीच्या बाजूला लाकडात एक चांगला खोल खळगा पडलेला. बापूंनी लाकडाचा भुसा सरसात कालवून तो खळगा भरला, वाळवला, चहूबाजूंनी घासून एकसारखा केला आणि तेल पाजलं. मग मला हाक मारली.

“कुठं खड्डा हुता, सांगा बरं!”

मी बोट फिरवून पाहिलं. खरोखर सांगता आलं नाही. बापू लहान मुलासारखे खूश झाले.

पार्वताबाई न्यायला आल्या तेव्हा मी तिथंच होते. एकेक पटाशी त्यांनी पदरानं पुसून पेटीत ठेवली. रंधा उचलला, मुठीवर हात ठेवला आणि अंगठ्यानं काहीतरी चाचपू लागल्या. पुन्हा पुन्हा चाचपलं. मग रंधा खाली ठेवला.

“ह्यो आमचा न्हाई.”

“आवो, तुमचाच हाय,” बापू म्हणाले.

“आमच्या रंध्यात मालकांचा अंगठा हाय. तिथंच धरून धरून लाकूड झिजलंय. मी दर खंडेनवमीला त्याच्यात कुंकू भरते. ह्यो बदललाय, बापू.”

बापूंनी रंधा उचलून मुठीवरून आपला अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा मी पाहत होते. ज्याला ते मोडतोड समजले होते तो एका माणसाचा हात होता. कुठल्याही सुताराच्या हे पाहताक्षणी लक्षात आलं असतं. पण बापूंच्या खिडकीत आयुष्यभर हाच नियम होता, की झीज म्हणजे नुकसान.

“बदलला असंल,” ते हळूच म्हणाले. “लई हत्यारं हायेत हितं. शोधतो मी.”

“शोधा. ह्यो नगं मला. परक्याचं हत्यार पूजेला कसं मांडू?” पार्वताबाई म्हणाल्या आणि रंध्याची जागा मोकळी ठेवून पेटी घेऊन गेल्या.

त्या गेल्यावर मी बापूंवर उखडलेच. “सरळ सांगायचं ना! चूक झाली, भरून टाकला. त्यात काय चोरी आहे?”

“काय सांगू? तुमच्या मालकाचा अंगठा मी भुसा घालून बुजवला?”

“हो! हेच सांगायचं.”

“मॅडम, रंधा हरवला असंल तर गावंल, असं तरी त्यांना वाटंल. अंगठा गेला तर गेला.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाकूनं तो भरलेला भुसा काढायचा प्रयत्न केला. सरस इतका पक्का बसला होता, की त्याच्याबरोबर खालचं लाकूडही सोलून निघालं. खड्डा झाला, पण तो चाकूचा खड्डा होता. बापूंनी त्यात आपला अंगठा ठेवून पाहिला, मला ठेवायला लावला. मग रंधा फडक्यात गुंडाळून कपाटात घातला. तेव्हापासून ते लोखंडाचा गंज काढायचे, पण कुणाच्याही दांड्याला, मुठीला हात लावायचे नाहीत. “लोखंड माझं. लाकूड ज्याचं त्याचं,” म्हणायचे.

पार्वताबाई दर बाजाराला यायच्या. भाजीची पिशवी दारात टेकवायच्या.

“गावला का?”

“न्हाई अजून. बघतोय.”

बापू त्यांना पाणी द्यायचे. त्या घटकाभर बसायच्या आणि नवऱ्याचं काही ना काही सांगायच्या. तो डावखुरा होता. चिंचेचं लाकूड तासायला घेतलं की शिव्या द्यायचा. मुलीच्या लग्नातला पाट त्यानं त्याच रंध्यानं केला होता. बापू सगळं ऐकून घ्यायचे, आणि त्या उठल्या की त्यांची पाठ वळेपर्यंत उगाच फळ्यांवरची हत्यारं इकडची तिकडे करायचे.

मला हे बघवत नसे. दमून भागून यावं आणि दर बाजाराला तेच नाटक पाहावं, तसं व्हायचं. त्यातून पार्वताबाई काही गप्प बसणाऱ्या नव्हत्या. बापूंनी रंधा बदलला, ही गोष्ट त्यांनी बाजारभर केली. मनात वाईट ठेवून नव्हे, दुःख सांगतात तशी. पण लोकांना तेवढं पुरतं. चहाच्या टपरीवर कुणीतरी बापूंना म्हणालं, “बापू, आमची पकड तुमच्याकडं ठेवायची म्हंजी भ्याव वाटतंय बरं का!” सगळे हसले. बापूही हसले. घरी आल्यावर मात्र त्यांनी चहाला हात लावला नाही.

“टूल रूममदी एक पाना इकडचा तिकडं न्हाई झाला,” एवढंच म्हणाले.

“म्हणून तर सांगते, बोला! लोक चोर म्हणतात तुम्हाला.”

“म्हनू द्या. त्या बाईचा मालक एकदा मेलाय, मॅडम. मी परत कशाला मारू?”

तरी मी भांडले. खोट्याच्या पायावर कुणाचं भलं होत नाही, असं काहीबाही ऐकवलं. शिक्षकाची जीभ, दुसरं काय. बापू पटाशी घासत राहिले.

काही वर्षं असंच चाललं. गेल्या हिवाळ्यात बापू खचले. श्वास पुरेना. मुलगा न्यायला आला तर गेले नाहीत. शेडची किल्ली माझ्याकडे दिली, कारण त्यांना उठून कुलूप उघडणं होईना. खाटेवर पडल्या पडल्या एकदा म्हणाले, “माझ्या माघारी त्या आल्या, तर काय सांगाल?”

“खरं सांगेन.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. पण थोड्या वेळानं म्हणाले, “सांगा. तुमी जानत्या हाव. माझं नाव बी धुऊन निघंल.” आवाजात राग नव्हता, हट्ट नव्हता. माणूस ओझं उतरवून ठेवतो तसं बोलले. त्यानंतर तो विषय निघाला नाही, आणि उन्हाळा लागायच्या आत बापू गेले.

त्यांच्या दहाव्याला पार्वताबाई आल्या. आता त्याही थकल्या होत्या, भिंतीला हात लावत लावत आत आल्या. मुलाला दोन शब्द बोलल्या आणि बायकांत येऊन बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, “मानूस लई चांगला. पानी पाजल्याबिगर जाऊ देत नव्हता कुनाला. पन आमचा रंधा मात्र त्यांच्याकडनं गेला तो गेलाच.”

दोघी-तिघींनी माना हलवल्या. एकीनं हलकेच ‘व्हय की’ म्हटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बापूंची बाजू सांगायला सगळ्या गावात मी एकटी होते आणि ऐकणारी माणसं समोर बसलेली होती. एक वाक्य पुरलं असतं. मी तोंड उघडलंही.

पार्वताबाई माझ्याकडे वळल्या. “मॅडम, किल्ली तुमच्याकडं हाय म्हनत्यात. ते गेले, आता आमच्या मालकाचं कोन बघनार?”

त्या रंध्याचं नाही म्हणाल्या, मालकाचं म्हणाल्या. मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

“मी बघते,” मी म्हणाले. “कपाटं अजून सगळी उघडून झालेली नाहीत. बाजाराला आलात की येत जा.”