सात नंबरचा उतार

डिग्रीचाचांना कोणतीही वस्तू नुसती दिसत नसे. ती किती कललेली आहे ते आधी दिसे. पत्र्याच्या छपराकडे बघून ते म्हणत, "आठ डिग्री. पाणी आत येणार," आणि न थांबता पुढे जात. आमच्या कंपनीच्या नव्या इमारतीचा जिना ते एकदाच चढले आणि धापा टाकत म्हणाले, "चाळीसच्या वर आहे. ज्यानं बांधला त्याच्या घरात म्हातारं माणूस नसंल." माझ्याकडे बघून एकदा सांगितलं, "साहेब, मान धा डिग्री पुढं चालली तुमची. मोबाईल जरा कमी बघा." त्यांचं खरं नाव पोस्टमन सोडून गल्लीत कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

जुन्या जालन्यात, धान्याच्या घाऊक दुकानांच्या रांगेत, दोन थप्प्यांच्या मध्ये चेपल्यासारखं त्यांचं दुकान होतं. एक लेथ, एक ग्राइंडर, एक ऐरण आणि गिऱ्हाइकाला बसायला तेलाचा रिकामा डबा. नांगराचे फाळ, पेरणीयंत्राचे फण आणि आमच्या रोलिंग मिलचे बारीकसारीक सुटे भाग असं काम त्यांच्याकडे येई. मी मिलच्या गुणवत्ता विभागात. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी त्या डब्यावर माझी बैठक असे, आणि निम्म्या वेळेला कामाचं निमित्त मी स्वतःच काढलेलं असे.

काम झालं की वस्तूच्या न दिसणाऱ्या जागी ते पंचाने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, एक बारीक ठिपका मारत. "ठिपका आहे म्हणजे जबाबदारी आपली," ते म्हणत. "तुटलं तर घेऊन या, चाचाला शिव्या द्या. बिलकुल माफ." शिव्या द्यायला कुणी आल्याचं मी तरी पाहिलं नाही. चाचाच्या हातून वस्तू तुटत नाही, असं अख्खी गल्ली सांगायची. अंबडपासून शेतकरी एस.टी.ने फाळ घेऊन येत ते याच एका वाक्यावर.

आता अशा माणसाचा गोल्फशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. तो संबंध मी जोडला. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे जे मोठे साहेब आले त्यांना गोल्फचं वेड होतं, आणि साहेबांचं वेड म्हणजे हाताखालच्यांची ड्यूटी. मिलमागच्या पडीक जमिनीत तीन खड्डे पाडले गेले. गवत उगवायची आशा नव्हती, म्हणून खड्ड्यांभोवती जळक्या तेलात कालवलेल्या वाळूची वर्तुळं केली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आमचं अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि वर नाचताही येत नव्हतं. वर्धापनदिनाला एक खास स्पर्धा असे. प्रत्येकाने सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठीने, तीन चेंडू मारायचे. ज्याचा सर्वांत लांब, तो पहिला. सलग दोन वर्षं मी शेवटचा आलो. त्यात विभागप्रमुखाची जागा लवकरच रिकामी होणार होती आणि ती मला हवी होती. स्पर्धेवर बढती ठरते असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण न लिहिलेलंच आमच्याकडे जास्त चालायचं.

माझा काठ्यांचा संच जुना, बदली होऊन गेलेल्या एका अधिकाऱ्याकडून घेतलेला. त्यातला सात नंबर मी चाचांपुढे ठेवला. त्यांनी काठी आडवी धरून एक डोळा मिटला.

"हा तर फाळ आहे," ते म्हणाले. "फाळाचा उतार बदलला की माती कुठं पडंल ते बदलतं. इथं मातीच्या जागी चेंडू." कोनमापक लावून त्यांनी खात्री केली. "पस्तीस. ह्यो चेंडूला वर फेकून राह्यला, साहेब. तुमचा निम्मा जोर आभाळात चालला. उतार कमी केला तर चेंडू जल्दी सुटंल, खालून जाईल, लांब जाईल. पण मंग पडल्यावर थांबणार न्हाई. उतार कमी तर वेग जादा, उतार जादा तर उंची जादा. दोन्ही पाहिजे तर अल्लामियाँकडे अर्ज करा."

आयुष्यात गोल्फचा चेंडू न पाहिलेल्या माणसाने हे दोन मिनिटांत सांगितलं. मी ते समजावून घ्यायला इंटरनेटवर तीन रविवार घालवले होते.

डोकं त्यांनी वाईसच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यांत धरलं, मानेत, म्हणजे डोकं दांड्याला जोडतं तिथे, एक खाचेची पहार अडकवली आणि ओढायला लागले. ओढताना ते कान लोखंडाजवळ नेत. "हे घडीव आहे, ठोकून ठोकून एकजीव केलेलं. ह्याची मान ऐकती." तीन डिग्री कमी झाल्या. ठिपका मारला. त्या वर्षी माझा चेंडू वाळलेल्या जमिनीवरून सशासारखा पळत गेला आणि मी दुसरा आलो. पहिले अर्थातच मोठे साहेब. त्यांनी माझी काठी हातात घेऊन निरखली आणि विचारलं, हे कुणी केलं? मी छाती फुगवून म्हणालो, "माझा माणूस आहे सर. तुमचंही करून देतो." कुणी मागितलं नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

साहेबांचा संच नवाकोरा, परदेशी. पुढच्या वर्धापनदिनाच्या आधी त्यातला सात नंबर मी चाचांकडे नेला. त्यांनी तो हातात घेतला, नखाने तोंडावर टिचकी मारली, मागे टिचकी मारली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तोंड पातळ आहे, आत पोकळ. चेंडू लागला की पत्रा आत दबतो न परत येतो, चेंडूला ढकलून देतो. वजन बी सारं खाली ठेवलंय, म्हंजे उतार कमी असून बी चेंडू वर उचलतो. हुशार लोकं आहेत." मग कोनमापक लावलं. "तीस! नंबर तुमच्यासारखाच सातचा, न उतार तुमच्या पस्तीसपेक्षा पाच डिग्री कमी. साहेबाला सांगा, कंपनीनं अगोदरच तुमचा उतार कमी केलाय. अजून काय पाहिजे?"

"अजून तीन डिग्री," मी म्हणालो.

"न्हाई व्हायचं. हे ओतीव आहे. घडीव वाकतं, ओतीव तुटतं. एखादी डिग्री निघाली तर निघाली. त्याच्या पुढं ह्याची मान जाणार."

इथे मी उठून यायला हवं होतं. साहेबांना सांगायला हवं होतं की सर, तुमच्या काठीला गरज नाही. एवढंच. पण आपण बोलून बसलोय ते होत नाही, हे साहेबांना सांगायची माझी हिंमत नव्हती. पिशवीत संचासोबत आलेला एक छापील कागद होता. मी तो उघडून चाचांपुढे धरला. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, हे मला माहीत होतं.

"चाचा, ज्यांनी बनवलं त्यांनीच लिहिलंय. चार डिग्रीपर्यंत चालतं."

त्यांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "लिहिलंय?"

"लिहिलंय."

"मंग ठीक आहे. बनवणारा आपल्यापेक्षा जादा जाणतो." त्यांनी तीन डिग्री ओढल्या, पूर्वीपेक्षा कितीतरी हळू. दोनदा थांबून कान लावला. शेवटी ठिपका मारताना पंच जरा वेळ हवेतच धरून ठेवला होता, हे मला आजही दिसतं.

वर्धापनदिनाला साहेबांनी पहिल्या चेंडूसाठी काठी फिरवली आणि चेंडू जागेवरच राहिला. काठीचं डोकं मात्र उडून मंडपावरून गेलं आणि चहाच्या पातेल्याशेजारी पडलं. साहेब नुसता दांडा धरून उभे. हसू दाबताना दोनशे माणसांचे खांदे हलत होते. कुणीतरी डोकं उचलून आणलं. साहेबांनी ते फिरवून पाहिलं, मानेतला ठिपका त्यांना दिसला आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "हे काय आहे?"

"मिस्त्रीची खूण आहे सर," मी म्हणालो. "त्यानेच सांगितलं होतं, चालतं म्हणून."

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला इतका कमी वेळ लागतो. पुढच्या सोमवारपासून मिलचं काम चाचांकडे जाणं बंद झालं. त्या आदेशाच्या कागदावर विभागाच्या वतीने माझीच सही होती. महिन्याभरात मी विभागप्रमुख झालो.

त्यानंतर चाचा एकदा मिलच्या गेटवर आले. मला वाटलं, भांडायला आले. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "साहेब, तुटलेलं डोकं दाखवाल का?" मी आणून दिलं. उन्हात धरून ते फार वेळ त्या तुटलेल्या कडेकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "कागदावर चारच लिहिलेलं होतं ना? मी तर तीनच केल्त्या. बराबर मोजून."

खरं सांगायची एवढी सोपी संधी पुन्हा कधी मिळाली नाही. भोवती कुणी नव्हतं.

"हो चाचा," मी म्हणालो. "चारच होतं."

"मंग हात चुकला," ते म्हणाले. डोकं त्यांनी मला परत दिलं आणि पायी निघून गेले.

दुकान वर्षभर कसंबसं चाललं. फाळ घेऊन येणाऱ्यांना ते म्हणू लागले, दुसरीकडं दाखवा, माझा अंदाज गेला. मग लेथ विकली आणि अंबडला मुलाकडे राहायला गेले. हे सगळं मी शेजारच्या धान्यवाल्याकडून ऐकलं. मी त्या गल्लीतून जाणं सोडलं होतं. चौकशीसुद्धा चोरट्यासारखी, फोनवरून करत होतो.

दोन वर्षांपूर्वी जमिनीच्या एका कामासाठी अंबडच्या कोर्टात जावं लागलं. तारीख पडली, मी चहा शोधत निघालो, आणि एस.टी. स्टँडच्या रस्त्यावर वेल्डिंगच्या दुकानाबाहेर खुर्चीत डिग्रीचाचा दिसले. मुलगा रशीद आत काम करत होता. मला बघून ते उठले, माझा हात दोन्ही हातांत धरला, चहा मागवला. तेवढ्यात एक बाई वाकडी झालेली दाराची बिजागरी घेऊन आली. साधी बिजागरी. हातोडीचे दोन ठोके. चाचांनी ती घेतली आणि आत रशीदकडे सरकवली. "तू कर बेटा. माझ्या हाताचा भरवसा न्हाई."

मला ते सहन झालं नाही. मी तिथेच, चहाचा कप खाली ठेवून, सांगून टाकलं.

ते ऐकत होते. मग विचारलं, "कागदावर काय लिहिलेलं होतं?"

"हे वाकवू नका, असं लिहिलेलं होतं."

"म्हंजे मी पहिल्यांदा जे बोललो तेच बराबर होतं?"

"हो."

"हात चुकलेला न्हाई?"

"नाही, चाचा. चुकलेला नाही."

शिव्या ऐकायची माझी तयारी होती. चाचांनी शिव्या दिल्या नाहीत. त्यांचा चेहरा उजळला, आणि त्यांनी आत हाक मारली, "रशीद! मशीन बंद कर. इकडं ये, साहेब काय म्हणून राह्यले बघ. सांगा साहेब, परत सांगा." मी परत सांगितलं. मग वरच्या मजल्यावरून सुनेला बोलावलं. पुन्हा सांगितलं. शेजारचा पंक्चरवाला, समोरचा चहावाला, बिजागरीवाली बाई. प्रत्येकाला पहिल्यापासून, कागदासकट. चाचा मध्ये मध्ये मला दुरुस्त करत. "तीन डिग्री, साहेब. बराबर तीन." रशीद मात्र माझ्याकडे बघत नव्हता, तो हातातला पान्हा पुसत होता.

निघताना चाचा रस्त्यापर्यंत आले. "जालन्यात बी सांगाल ना? गल्लीत सांगा. न कंपनीत सांगा, साहेबाला. त्यांना वाटत असंल, चाचानं नुकसान केलं."

"सांगतो," मी म्हणालो.

गल्लीत सांगितलं. धान्यवाल्याने तागडी धरल्या धरल्या ऐकून घेतलं आणि "लई उशीर केला तुम्ही," एवढंच म्हणाला. कंपनीत सांगायचं राहिलं. रशीदचा फोन यायचा, दर दोन-तीन महिन्यांनी. तो फार बोलायचा नाही. "अब्बा विचारून राह्यले, साहेबाला सांगितलं का?" मी म्हणायचो, साहेब दौऱ्यावर आहेत. कधी म्हणायचो, ऑडिट चाललंय, ते संपलं की सांगतो. मागून चाचांचा आवाज यायचा, "त्यांना घाई करू नको रे, मोठ्या लोकांना काम असतं."

गेल्या फेब्रुवारीत सकाळी दहाच्या सुमारास ऑफिसात रशीदचा फोन आला. अब्बा गेले, दुपारच्या नमाजनंतर माती आहे, म्हणाला. मी येतो म्हटलं. मग मी नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत राहिलो. तो त्याने विचारला नाही. मोठे साहेब त्या दिवशी दौऱ्यावर नव्हते. शेजारच्याच खोलीत बसलेले होते. अर्ध्या दिवसाची रजा मागायला मी आत गेलो. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं, घरगुती काम आहे.