बिनकडीचं दार

आमच्या वृद्धाश्रमाच्या मॅडमनं माझ्या खोलीची आतली कडी पहिल्याच दिवशी काढली.

"नियम हाय, भाऊ. अंदर पडले तं आम्ही दार तोडू का?"

"मी काऊन पडीन? लाव माझी कडी!"

"तपासणीवाले तुमच्या कडीपायी मलेच फाशी देतीन," असं म्हणून पेचकस घेऊन हसत गेली.

पण तेव्हापासून दार उघडं असलं तरी ती टकटक करे. औषधाचा डबा हाती धरून, मी "ये" म्हणेपर्यंत बाहेरच उभी राही. मी मुद्दाम उशीर करो. अहेरीले माझ्या घरच्या दारात लोक असेच थांबत.

तिच्या नवऱ्याची बदली माजरीले झाली, तं तीही गेली. नवी बाई सरळ आत येते. मी मात्र दार लोटून, "ये" तोंडात धरून बसतो.