हैदराबाद, सव्वा तासावर

हैदराबादला विमानानं जायचं, असं मी जाहीर केलं तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच विचारलं, "दशम्या किती करायच्या?" रेल्वेत रात्र काढायची सवय, त्यामुळे अंतर त्यांना जेवणातच मोजता येतं. सव्वा तास लागतो म्हटलं, तरी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधलीच.

जायचं होतं आत्याकडे. अण्णांची ही थोरली बहीण हैदराबादेत काचीगुड्याला दिलेली. आजी गेली तेव्हा ती मिळेल त्या गाडीनं निघाली होती. इकडे भावकीनं दिवस मावळायच्या आत अंत्यविधी उरकायचा हट्ट धरला आणि अण्णांना तो मोडवला नाही. आत्याला परभणीला निरोप कळला. ती तिथंच उतरली, उलट्या गाडीनं परत गेली. तेव्हापासून माहेरी पाऊल नाही. फोनवर तेवढी ख्यालीखुशाली. दोघंही आता थकलीत. ही अढी अशीच राहिली तर मला सोसलं नसतं, म्हणून तिकिटं मीच काढली.

हर्सूलच्या घरून सकाळी रिक्षा केली. जालना रोडवर गाड्या अडतात, तेव्हा हाताशी वेळ ठेवा. चिकलठाण्याचं विमानतळ मात्र छोटं, सुटसुटीत आहे. अण्णांना खिडकी दिली. विमान वर गेलं आणि खालची शेतं आणि तळी पाण्यातून दिसावीत तशी अंधूक झाली. ढगांच्या सावल्या रानातून सावकाश चालल्या होत्या. मला वाटलं, हे संपूच नये. अण्णा रेल्वेचा रूळ शोधत होते.

"परभणी कुठं आली असंल?"

डाव्या हाताला ढगांपलीकडे राहिली, असं मी सांगितलं. तेवढ्यात विमान उतरायला लागलं. अक्काशी काय बोलायचं ते वाटेत जुळवू, असं त्यांनी ठरवलं होतं म्हणे. पहिलं वाक्यही झालं नव्हतं.

हैदराबादचं विमानतळ गावापासून लांब. शहरात शिरायला जवळपास विमानाइतकाच वेळ गेला. बस मिळते, टॅक्सी खिसा कापते. आत्यानं दार उघडून पाणी दिलं आणि विचारलं, "किती वेळ लागला रे?"

"सव्वा तास," अण्णा म्हणाले, आणि हातातलं फडकं पुढं केलं.

आत्यानं दशम्या सोडल्या. चटणी जिभेवर ठेवली.

"एक रात्र थांबायचं होतं रं, बापू."

"व्हय अक्का. थांबायचं होतं."

दोन दिवस चहा, जर्दाळूचा खुबानी का मीठा आणि जुन्या गोष्टी. मग मी आत्याला म्हटलं, चल आमच्यासोबत, तुझंही विमानाचं तिकीट काढते. तिनं मान हलवली.

"विमान नक्को. परभणीपासनं पुढचं राहिलंय माझं."

आमची तिकिटं रद्द केली (फारसे पैसे परत मिळत नाहीत, लक्षात असू द्या) आणि दिवसाची गाडी धरली. परभणी आली तेव्हा ऊन कललं होतं. आत्याचे पाय आपसूक चपला चाचपू लागले. अण्णा वाकले, तिच्या चपला उचलून बाकाखाली आत सरकवल्या आणि तिच्याशेजारी येऊन बसले. गाडी हलली. मी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं.

घरी येऊन महिना होत आला. नकाशावर हवाई अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास दाखवतात. जायचं असेल तर विमानानं जा, ते ढग मला अजून स्वप्नात दिसतात. काल अण्णांनी आत्याला विचारलं, परतीचं तिकीट कधीचं काढू?

आत्या शेंगा फोडत होती. वर न बघता म्हणाली, "काढ की सावकाश. आत्ता तर पोचले."