पिवळ्या कॅनपर्यंत

आमच्या ह्यांची अठ्ठेचाळीस वर्षं पाण्यावर गेली आणि पाणी त्यांच्या गुडघ्याच्या वर कधी चढलं नाही.

युगांडातल्या आमच्या बुन्योनी तळ्यावर परदेशी पाहुणे येतात ते बेटं बघायला, पक्षी बघायला, आणि मुख्य म्हणजे डुंबायला. आमच्या तळ्यात मगर नाही, पाणघोडा नाही. हे त्यांना मधल्या बेटाच्या आडोशाला नेतात, डोणी स्थिर धरतात आणि ती माणसं धपाधप उड्या मारतात. मग हे त्यांचे टॉवेल, चष्मे, घड्याळं मांडीवर घेऊन तासभर बसून राहतात. "एखादा बुडायला लागला तर काय कराल हो?" मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "वल्हं पुढे करीन."

पोहता येत नाही. कधीच आलं नाही.

सासरे डोण्या कोरायचे. निलगिरीचं एक खोड घेऊन बसले की महिनाभर अंगणात नुसता भुसा. ह्यांनी सातव्या वर्षी वल्हं हातात घेतलं ते शाळेत जायला, कारण शाळा पलीकडच्या काठावर. सासूबाई रोज बजावायच्या, पाण्याला तळ नाही, पडलास तर परत यायचं नाहीस. हे पडले नाहीत. लग्नानंतर मला पहिल्यांदा तळं ओलांडून आणलं तेव्हा एवढं धुकं होतं की डोणीचं टोकही दिसेना. मी डोंगरावरची, दोन्ही हातांनी डोणीची कड धरून बसले होते. "खाली बघू नकोस," एवढंच म्हणाले. नवख्याच्या हातात आमची डोणी गोल गोल फिरते, ह्यांच्या हातात सुतासारखी सरळ जाते. आजवर ह्यांच्या डोणीतून माणूस सोडाच, बटाट्याचं पोतंही पाण्यात गेलेलं नाही. आणि हाच त्यांचा हेका. "पोहणं शिकायचं म्हणजे पडायची तयारी करायची. मला पडायचंच नाहीये."

मार्चमध्ये होडीवाल्यांच्या संघटनेनं नवा नियम केला. ज्याच्या छातीवर बिल्ला, त्यालाच पाहुणे मिळणार. आणि बिल्ला कुणाला? धक्क्यापासून पंचवीस मीटरवर नांगरलेल्या पिवळ्या कॅनपर्यंत जो पोहून जाईल त्याला. मुदत जूनअखेर. संघटनेचा अध्यक्ष तुमुसिमे. त्याला वल्हं धरायला ह्यांनीच शिकवलं.

तरुण पोरं तीन आठवड्यांत शिकली. हे रोज धक्क्यावर बसून त्यांना बघायचे आणि घरी येऊन सांगायचे, "बेडकं झालीत नुसती."

"मग तुम्ही कधी होणार?" मी विचारायचे.

एप्रिलमध्ये उपासाचे दिवस होते. मग गुडघा दुखत होता. मग बटाटे काढायचे होते. मग पाणी थंड होतं, जसं काही मे महिन्यात आमचं तळं चुलीवर ठेवतात. पाहुण्यांतल्या एका हॉलंडच्या शिक्षिकेनं आपणहून शिकवते म्हटलं. तिनं ह्यांना पाण्यावर आडवं धरलं. त्याच वेळी कपडे धुवायला आलेल्या सात बायका काठावर.

"केतुराच्या आई," आमची शेजारीण पेरेसी मला ओरडली, "बघ गं, तुझ्या नवऱ्याचं बारसं करतायत!"

हे तिथून उठले ते सरळ घरी. ओल्या कपड्यांनी अंथरुणावर बसले. अंथरूणही भिजलं.

गुरुवारच्या प्रार्थनेत आम्ही बायकांनी त्यांचं नाव घेऊन देवाला विनवलं. ते त्यांना कळलंच. "माझं पोहणं आता साऱ्या डोंगराच्या तोंडी?" मी म्हटलं, देवाच्या कानावर घालतोय, डोंगराच्या नाही. पेत्राची गोष्ट काढून दाखवली. प्रभू काठावर दिसताच त्यानं होडीतून उडी टाकली होती, तोही होडीवालाच. हे म्हणाले, "पेत्र मासे धरायचा. त्याच्या होडीत पाहुणे नसायचे."

शेवटी मीच केळीच्या सोपटांचा दोर वळला. एक टोक ह्यांच्या कमरेला, दुसरं माझ्या हातात. पहाटे कुणी नसताना लव्हाळ्यांच्या आड जायचं, मी काठावर उभं राहायचं. मलाही पोहता येत नाही. पण ओढता येतं.

"पाय सोडा."

"सोडलेत."

"कुठे सोडलेत? चिखलात रोवलेत. मला दिसतंय."

"तू ओरडू नकोस, पक्षी उडतात."

"उडू द्या पक्षी! तुम्ही तरंगा!"

सव्वीस दिवस हे चाललं. तेराव्या दिवशी ते दहा आकडे मोजेपर्यंत तरंगले. विसाव्या दिवशी हातपाय मारत चार मीटर गेले आणि बाहेर येऊन एखादं बेट जिंकल्यासारखे थुंकले. सव्विसाव्या दिवशी सहा. मुदत संपत आली तरी सहाचे सात झाले नाहीत. मी घरी येऊन आंबील ढवळताना रडले, रागानं. अठ्ठेचाळीस वर्षं ज्या माणसानं पाण्याचा प्रत्येक कोपरा ओळखला, त्याला त्याच पाण्यात पाय सोडवेनात.

परीक्षेच्या दिवशी धुकं दाट होतं. पिवळा कॅन कधी दिसायचा, कधी नाही. सात जण होते, हे शेवटचे. चारचौघांत सदरा काढलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, छातीवरचे सगळे केस पांढरे. तुमुसिमे आपल्या डोणीतून बाजूनं चालला होता. हे उतरले. तीन मीटर, सहा, दहा! मी इकडे दोर नसताना मुठी आवळून ओढत होते. पंधरा-सोळापर्यंत गेले असतील. मग धुकं आलं आणि नुसता छपछप आवाज. धुकं सरलं तेव्हा ह्यांचा हात कॅनवर होता.

पेरेसीनं टाळ्या वाजवल्या, हो, तिनंसुद्धा. देवा, तू थोर आहेस, मी म्हटलं, आणि मोठ्यानं म्हटलं.

हे धक्क्यावर आले. दात वाजत होते. तुमुसिमेनं बिल्ला पुढे केला.

"काका, घ्या."

"मी तुझ्या डोणीला हात लावला," हे म्हणाले.

"कधी? मी नाही पाहिला."

"पाहिलास. मधे दोनदा लावला. दुसऱ्यांदा जरा धरूनच ठेवला."

"काका, धुकं होतं," तुमुसिमे हलक्या आवाजात म्हणाला. "कुणी पाहिलेलं नाही. बिल्ला घ्या आणि अंग पुसा."

"पण मी लावला ना."

आता मी कसं सांगू? तीस वर्षं मी ह्या माणसाच्या मागे लागलेय की खरं बोला. मासे कुठून आणले, चर्चला का आला नाहीत, शेजाऱ्याचं फावडं कुणी मोडलं, प्रत्येक वेळी मी देवाचं नाव घालून खरं काढून घेतलंय. आणि त्या धक्क्यावर उभी राहून मी मनात एकच ओरडत होते, गप्प बसा हो, आज एकदा गप्प बसा! ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते ऐकू गेलं असणार. तरी बिल्ला घेतला नाही.

तुमुसिमे डोळे पुसत होता की धुकं, कोण जाणे. "पुढची परीक्षा ऑक्टोबरात," एवढं म्हणाला.

घरी मी आंबील पुढे ठेवली. पिऊन झाल्यावर हे म्हणाले, "तूच तर शिकवलंस."

"सगळं सोडून तेवढंच शिकलात?"

आता हे बटाट्याची पोती नेतात, बाजाराच्या दिवशी बायकांना नेतात. पाहुणे दुसऱ्यांच्या डोणीत बसतात, गोल गोल फिरतात. हे काठावरून बघतात आणि हातानं हवेतच वल्हं वळवतात. मी रोज प्रार्थनेत दोन गोष्टींची क्षमा मागते. एक धक्क्यावरच्या त्या विचाराची. दुसरी अशी की तो विचार अजून गेलेला नाही.

आज पहाटे मी उठून दोर दारात काढून ठेवला. ऑक्टोबरला आता थोडेच दिवस आहेत. हे उठले, दोराकडे पाहिलं, उचलला. माझा जीव सुपाएवढा झाला. मग ते अंगणात गेले आणि त्यांनी त्या दोरानं शेळी बांधली.

मी गेले, शेळी सोडली, दोर पुन्हा दाराच्या खिळ्याला लावला. शेळी पेरेसीच्या घेवड्यात शिरलीय. पेरेसी ओरडतेय ते ऐकू येतंय. ओरडू दे.