वरच्या फळीवरचा डबा

माझ्या थोरल्या चुलतभावाला सगळे रेडिओ म्हणतात. शाळेत धावण्याच्या शर्यतीत तो नेमाने शेवटचा यायचा, पण पळता पळता शर्यतीचं वर्णन मात्र पहिल्या नंबरचं करायचा. "निळ्या चड्डीवाला वळणावर पोचलाय, त्याच्या मागे सहा जण, आणि फार मागे मी."

पुढे तो व्यायाम शिकवायला लागला. एका मोठ्या जिममध्ये नोकरी मिळाली. मालकाची तक्रार एकच. "अरे, तू नुसते आकडे मोज. प्रवचन कशाला?"

एके दिवशी त्या जिमचे दोन जिने चढून एक बाई आल्या. हातात पांढरी काठी. टेलिफोन खात्यात तीस वर्षं ऑपरेटर होत्या, निवृत्त झालेल्या, जन्मापासून दिसत नव्हतं. उजवा खांदा आखडला होता, हात कानाच्या वर जात नव्हता. मालक गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे तशी सोय नाही." बाई म्हणाल्या, "तशी म्हणजे कशी?" त्यावर तो तेच वाक्य आणखी गोड आवाजात पुन्हा म्हणाला. बाई वळल्या आणि जिना उतरू लागल्या. त्यांच्या मागोमाग रेडिओही उतरला. तो पुन्हा काही वर चढला नाही.

बाईंचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्या म्हणाल्या, "मास्तर, फोनवरच शिकवा. माझा जन्म फोनवर गेलाय." आता फोनवर दाखवणार काय? मग या पठ्ठ्याने आपल्या खोलीत डोळ्यांना पंचा बांधला आणि प्रत्येक व्यायाम आधी स्वतः आंधळेपणाने करून पाहिला. कपाटावर तीनदा आपटला. काकू दारातून म्हणाली, "भिंत फुटली तर भरून कोण देणार?" पण त्याला शब्द सापडले. "भिंतीकडे तोंड करा. पायाचा अंगठा भिंतीला लागू दे, मग एक वीत मागे या. आता बोटं म्हणजे मुंगी. भिंत चढतेय. दुखलं की मुंगी थांबेल. मुंगीला कसलीही घाई नाही."

चार महिन्यांनी बाईंचा फोन आला. "मास्तर, चहाचा डबा वरच्या फळीवर गेला! दोन वर्षं खाली होता मेला." रेडिओ त्या दिवशी रडला. तो म्हणतो, सर्दी होती.

हे धडे तो रेकॉर्ड करून चॅनेलवर टाकत गेला. एकूण एक्केचाळीस झाले. चित्र असं काही नसायचंच. डोळे बांधलेले, त्यामुळे कधी छत दिसायचं, कधी त्याचा गुडघा. पण जिमने वाटेला लावलेली माणसं एकेक करून येऊ लागली. चाकाच्या खुर्चीतले घड्याळदुरुस्तीवाले, एकशेचाळीस किलोचे ग्रंथपाल, कानांनी अधू असलेली एक शिंपीण. बाईंना त्याने सांगून ठेवलं होतं, "रोज रेकॉर्डिंग लावून करा. महिन्यातून एकदा मी फोन करतोच."

आणि अशा वेळी दोन महिन्यांचा कोर्स करून, ऑनलाइन धंदा कसा वाढवावा याचं सर्टिफिकेट घेऊन मी अवतरलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्याकडे तर बैलही नव्हता, भावाचाच होता.

"दादा, चार मिनिटं भिंत चढणारी मुंगी कोण बघणार?"

"बघायचं कुठे आहे? ऐकायचंय."

"ऐकणाऱ्यांवर चॅनेल वाढत नसतं. तीस सेकंद, खाली मोठ्या अक्षरांत मजकूर आणि दणदणीत संगीत."

मजकूर म्हटल्यावर तो विरघळला. "शिंपीणताईला वाचता येईल की रे!" तेही खरंच होतं. वर्षभरात चॅनेलचे सदस्य तीन हजारांचे चाळीस हजार झाले, रेडिओचे दिवसाला सहा वर्ग सुरू झाले, आणि मी घरात कॉलर ताठ करून हिंडू लागलो. चॅनेलच्या माथ्यावर मीच लिहिलं होतं, 'व्यायाम सर्वांसाठी'.

त्याच सुमारास मी चॅनेल आवरलं. जुनी एक्केचाळीस रेकॉर्डिंग्ज फारसं कोणी उघडत नव्हतं, अंधारी दिसत होती, बघणाऱ्यांची सरासरी खाली ओढत होती. काढून टाकली. जेवताना दादाला सांगितलं, "जरा झाडलोट केली." तो म्हणाला, "छान." वर्ग एवढे वाढले होते की त्याचे महिन्याचे फोनही राहून गेले होते. एक महिना, मग दोन, मग मोजलेच नाहीत.

पाच महिन्यांनी एका व्हिडिओखाली कोणीतरी विचारलं, 'माझ्या वडिलांना दिसत नाही. त्यांना नुसतं संगीत ऐकू येतं. हे सर्वांसाठी कसं?' रेडिओने ते दोनदा वाचलं. मग उत्तरात पाठवायला जुना धडा शोधू लागला.

"मुंगी कुठे गेली रे?"

मी सांगितलं.

"फोनमध्ये असेल ना?"

त्याचा जुना फोन मीच विकायला लावला होता. नव्याचा कॅमेरा चांगला म्हणून.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. नुसतं "बरं" म्हणाला आणि चपला घालू लागला. मीही मागोमाग निघालो.

बाईंनी दार उघडलं. "मास्तर! आणि हा दुसरा, पाय घासत चालणारा, कोण?" मी माझी ओळख दिली. चॅनेल मी सांभाळतो, हे मात्र गिळलं.

दादा म्हणाला, "बाई, रेकॉर्डिंग गेली तेव्हा एक फोन करायचा ना!"

"रोज सकाळी लावत होते. एक दिवस लागेना. म्हटलं, मास्तरांनी लाइन काढली." त्या हसल्या. "समोरच्याने ठेवला की आपण उलटून लावायचा नाही. तीस वर्षांची शिस्त आहे."

"मग व्यायाम?"

"आठवेल तेवढा केला महिनाभर. नंतर तुमचा आवाज आठवायचा, शब्द आठवायचे नाहीत."

रेडिओने त्यांना भिंतीसमोर उभं केलं. मुंगी निघाली. खांद्यापर्यंत आली, कानापाशी थांबली. "मुंगीला घाई नाही," तो म्हणाला, पण आवाज त्याचा नव्हता. बाईंनी हात खाली घेतला आणि त्यालाच समजावलं, "असू दे हो. वय पण झालंय माझं."

मग त्या चहा करायला वळल्या. ओट्याच्या खाली वाकल्या आणि खालच्या फळीवरून डबा काढला. मी वरच्या फळीकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.

"वर ठेवू का, बाई?" मी विचारलं. काहीतरी करावंसं वाटलं म्हणून.

"नको रे बाबा," त्या म्हणाल्या. "मग काढायला तू येणार आहेस का रोज?"

आता दादा पुन्हा डोळ्यांना पंचा बांधून बोलतो. मी फोन धरून उभा राहतो, आणि काहीही कापत नाही. सात धडे झालेत. बाईंना तो रोज सकाळी स्वतः फोन लावतो. मुंगी अजून कानापाशीच आहे.